दाराजवळचा बाक

लातूरच्या त्या क्लासच्या इमारतीखाली माझ्या वडिलांनी हातातल्या दगडानं खांब ठोकून पाहिला, तेव्हा वॉचमननं धावत येऊन त्यांचं मनगट धरलं.

"ओ मामा, काय करायलाव? बिल्डिंग फोडता का काय?"

"फोडत न्हाई. ऐकून राहिलो," दादा म्हणाले.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी जिन्यात उभी होते. हातात प्रवेशाचा फॉर्म होता आणि संध्याकाळी पाचपर्यंत तो भरून द्यायचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या यादीत, रिपीटरच्या पहिल्या तुकडीत, माझं नाव लागलं होतं. ते सांगायला मी पळत खाली आले, तर माझे वडील चोर सापडावा तसे सापडलेले. आजूबाजूला माझ्याच वयाच्या मुली, त्यांचे इस्त्रीच्या कपड्यांतले आईवडील. आपण दादांसोबत नाही आलो असं दाखवावं, असं क्षणभर मला वाटलं. ते क्षणभर वाटणं मी अजून विसरलेली नाही.

बारावीला मला बोर्डात चांगले मार्क पडले होते. कंधारला आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते. पण मेडिकलला बोर्डाचे मार्क चालत नव्हते, सीईटीचे चालत. सीईटी म्हणजे काय हे मला परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं. उत्तराच्या चार गोलांपैकी एक काळा करायचा, एवढंच ठाऊक होतं. मी प्रत्येक गणित बोर्डाच्या पेपरसारखं पायऱ्या मांडून सोडवत बसले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. शेजारचा मुलगा केव्हाचा पेन बंद करून खिडकीबाहेर बघत होता. त्याचं झालं होतं! माझा विश्वासच बसेना.

नांदेडला माझे मामा शिक्षक होते. आमच्या नात्यात शिकलेला माणूस तेवढा एकच. ते म्हणाले, "डीएड कर. तुझ्या मार्कावर नंबर लागतोच. दोन वर्षांत मास्तरीण होशील." आईला ते पटलं. मी जेवण सोडलं. दोन दिवस मी जेवले नाही तेव्हा दादा म्हणाले, "एक वर्ष. एकच. न्हाई झालं तर डीएड, मग रडायचं न्हाई." मी हो म्हटलं. माझ्यापुढं एकच वर्ष होतं आणि ते कुठल्या क्लासला घालवायचं, एवढाच प्रश्न होता.

आधी नांदेड पाहिलं. मामा पुढं, मी मध्ये, दादा मागं. पहिल्या क्लासमध्ये मामांनी सरांशी बोलणं केलं, मी नमुन्याचे पेपर पाहिले. दादा आत आलेच नाहीत. त्यांना गार हवेच्या ऑफिसात संकोच वाटत असेल, असं मी समजले. बाहेर आलो तर ते इमारतीला प्रदक्षिणा घालून येत होते. म्हणाले, "हितं न्हाई."

"का बरं, दाजी?" मामांनी विचारलं.

"जिन्याखाली भेग हाय."

दुसऱ्या क्लासच्या डोक्यावर नवा मजला चढत होता. दादांनी मान वर करून बराच वेळ तो पाहिला. "हितं बी न्हाई."

मामांचा आवाज चढला. "दाजी, पोरगी भिंतीपासून शिकणार हाय का सरापासून? लोक रिझल्ट बघतेत, तुम्ही प्लास्टर बघायलाव."

"तुम्ही रिझल्ट बघा ना, पाव्हणं. मी कुठं नको म्हणलो? ज्यानं त्यानं आपलं बघावं."

मला हसू आलं होतं आणि रागही. दादा पूर्वी गवंडी होते. भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत असेन. कंधारला आमची नुसती भांडी वाजली होती. पण किल्लारीकडच्या बातम्या आल्या तसे दादा कुणाला काही न सांगता गाडीत बसून निघून गेले. आठवड्यानं परत आले आणि त्यांनी करणी, ओळंबा, पाटा ही गवंडीकामाची सगळी हत्यारं एका पोत्यात बांधली. ते पोतं पुन्हा कधी उघडलं नाही. पाठ दुखते म्हणाले आणि एका पिठाच्या गिरणीवर कामाला लागले. गाव मात्र त्यांना मिस्त्रीच म्हणत राहिलं. तिकडं त्यांनी जे पाहिलं असेल त्यानं मन उडालं, असं आई सांगायची. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

मग लातूर. अहमदपूरमार्गे एसटीनं गेलो, मामा रजा टाकून आले. लातूर पाहून मी हबकलेच. चौकाचौकात माणसाच्या दुप्पट उंचीचे फ्लेक्स, त्यांवर मुलामुलींचे फोटो, खाली मार्क. आमच्याकडं असे फ्लेक्स पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे लागत. इथं चष्मा लावलेल्या, दोन वेण्या घातलेल्या पोरी पुढाऱ्यांसारख्या शहराकडं बघत होत्या. घराघरावर पाट्या – मुलींसाठी खोल्या, मेस, अभ्यासिका. सकाळी रस्त्यानं पाठीवर दप्तरं घेतलेली शेकडो मुलं कामावर निघाल्यासारखी एका दिशेनं चालली होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि यांतली अर्धी अजून दहावीलाही पोचली नव्हती! मी अठरा वर्षांची होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की हुशार मुली कंधारच्या बाहेरही असतात.

सगळे ज्याचं नाव घेत होते त्या क्लासची चाळणी परीक्षा मी दिली. पेपर मोठा नव्हता आणि वेळ भरपूर होता, म्हणून मला जमलं असेल. दुपारी यादी लागली. पहिली तुकडी. तिला तिथले सगळ्यांत चांगले सर शिकवत. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, एका लांबलचक हॉलमध्ये. वर जायला एकच जिना, दोन माणसं शेजारून जाणार नाहीत एवढा अरुंद.

वॉचमनची समजूत मामांनी घातली. "गवंडी हायत ते, सवय हाय त्यांची." आम्ही वर काउंटरपाशी गेलो. जिना चढताना दादा भिंतीला हात लावत लावत आले आणि दाराशी थबकले. हॉलच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

हॉलच्या दाराबाहेरच्या काउंटरवर एक बाई होत्या, घाईत असलेल्या पण चांगल्या स्वभावाच्या. मी फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'गवंडी' लिहिलं. गिरणीवर कामाला, असं लिहायला जीव धजेना. गवंडी म्हणजे निदान एक कारागिरी. फॉर्म दादांकडं सहीला गेला. त्यांना बेताचंच वाचता येई, पण तो शब्द त्यांनी बोट ठेवून वाचला.

"हे खोड."

"दादा, खाडाखोड चालत नाही."

"मग नवा कागद घे. मी गवंडी न्हाई."

"अख्खं कंधार मिस्त्री म्हणतंय तुम्हाला."

"म्हणू दे." मग ते मामांकडं वळले. "आणि हितं बी नको. एकच जिना हाय. वर एवढी लेकरं. काही झालं तर उतरायची कशी?"

घड्याळात साडेचार वाजले होते. मामांनी हात जोडले. "दाजी, पाया पडतो. काय व्हायलंय? कोण उतरायलंय?"

काउंटरवरच्या बाईंनी समजावलं, "काका, अहो भूकंपात लातूर शहराला काही झालं नाही. ही बिल्डिंग तर नंतरची. सिमेंटची आहे."

आणि मग मी बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "तुम्ही भित्रे आहात. तुमच्या भिण्यापायी माझं वर्ष जाणार आहे. सरळ सांगा ना, डीएडच करायचं म्हणून."

आमच्या घरात वडिलांना असं कुणी बोलत नसे. मला वाटलं आता हात उठेल. दादा माझ्याकडं न बघता बाईंशी बोलायला लागले. फार हळू, हिशेब समजावून सांगावा तसे.

"ताई, किल्लारीकडं एका गावात मी घर बांधलेलं होतं. दगडाच्या भिंती, वर माळवद. लाकडावर मातीचं छत असतंय, तसलं. जाड भिंत असली की आतल्या अंगाला एक थर लावतेत आणि बाहेरच्या अंगाला एक. मध्ये भर. दोन्ही थर एकमेकाला धरून राहावेत म्हणून मधून मधून एक लांब दगड आडवा घालावा लागतोय. हिकडून तिकडं जाणारा. ते लांब दगड लांबून आणावे लागायचे. घरमालकाच्या घरी लगीन होतं, घाई होती. ते म्हणाले, मिस्त्री, चालतंय की, वरून कुणाला दिसायलंय. मी बी म्हणलो, चालतंय. नुसती माती आणि बारीक दगड भरले. भिंत लई देखणी झाली होती. माणसं बघायला यायची."

दादांनी जुळलेले दोन्ही तळवे एकमेकांपासून दूर नेले.

"भूकंपानंतर मी बघायला गेलो. आतली बाजू आत पडली होती, बाहेरची बाहेर. मधून फाटल्यावानी. माळवद खाली. घरात पाच माणसं होती. त्यांची सून पाणी द्यायची मला कामावर." त्यांनी फॉर्म बाईंपुढं सरकवला. "म्हणून गवंडी लिहू नका."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. कानात एक बारीक आवाज सुरू झाला आणि समोरच्या बाईंच्या हातातलं पेन फार स्पष्ट दिसायला लागलं, निळ्या टोपणाचं. दुसरीत असल्यापासून मी ज्या माणसाचं पीठभरलं डोकं पाहत आले होते, त्याच्या आत हे होतं. मामांनाही माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, हे नंतर कळलं. अकरा-बारा वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते एका परक्या बाईला, काउंटरवर, फॉर्मच्या निमित्तानं.

बाईंनी नवा फॉर्म पुढं केला. मी 'मजुरी' लिहिलं. मग दादा म्हणाले, "मी सही करतो. वर्ष हिचं हाय, माझ्यापायी जाऊ नये. पण एक करा. हिला दाराजवळ बसवा. जिन्याच्या तोंडाशी. काही हललं की पहिली ही बाहेर पडली पाहिजे."

बाई चाचरल्या. "काका, बाक मार्कांवर मिळतो. दर रविवारी टेस्ट, सोमवारी बाक बदलतात. हुशार मुलं फळ्याजवळ. दाराजवळ शेवटचे बसतात."

"मग बसू द्या की शेवटची. आमचं काही म्हणणं न्हाई."

मामांनी कपाळाला हात लावला. "अवो दाजी, लोक पुढच्या बाकासाठी मरायलेत!"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "माय, बसशील का दाराजवळ?"

मला ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते विनवत होते. मी म्हणाले, "बसेन. शब्द देते." पाचला दहा कमी असताना सही झाली.

तो शब्द मी कसा पाळला, हे सांगताना आज मला स्वतःचाच धक्का बसतो. पहिल्या आठवड्यात नवीन म्हणून मी दाराजवळच होते. रविवारी टेस्ट झाली. मी पेपर सोडवायला घेतला, आणि अर्ध्यावर लक्षात आलं, चांगले मार्क पडले तर बाक पुढं जाईल. शेवटचे वीस प्रश्न मी कोरे ठेवले. सोमवारी माझा बाक हलला नाही. पुढच्या रविवारीही तेच केलं. त्या हॉलमध्ये रांगा होत्या पंधरा आणि मी पंधराव्या रांगेत, जिन्याला पाठ लावून. फळा धूसर दिसे. शेजारच्या मुलींना कुठल्या तरी ओळखीनं पहिल्या तुकडीत घुसवलेलं असावं, त्या वहीत मेंदीची नक्षी काढत. सर शेवटच्या रांगांना प्रश्न विचारत नसत. एकदा एक सर माझ्या बाकापाशी थांबून म्हणाले, "चाळणीत वर होतीस ना तू? काय झालं?" मी खाली मान घातली. मला आतून फार मोठं काहीतरी करत असल्यासारखं वाटत होतं.

दोन महिन्यांनी क्लासचं छापील पत्र घरी गेलं. वाचायला आईनं मामांना बोलावलं. मामांनी माझ्या मेसच्या फोनवर फोन केला. "कितवी आलीस, माहीत हाय का? खालून चौथी! डीएडचे फॉर्म संपून गेले आता. तोंड दाखवू नको मला." दादांना ते पत्र कुणी वाचून दाखवलं आणि काय सांगितलं मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी क्लास सुटला तेव्हा ते खाली रसाच्या गाड्याजवळ उभे होते. शर्टच्या शिवणीत पीठ होतं.

त्यांनी दोन ग्लास रस सांगितला. मी निम्मा पिईपर्यंत दादा थांबले.

"येत न्हाई का, माय? अवघड हाय का लई?"

"येतंय."

"मग?"

"पूर्ण सोडवलं तर पुढं बसावं लागतंय. मी शब्द दिलाय ना."

त्यांना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. कोरे ठेवलेले प्रश्न, सोमवारचा बाक, सगळं. त्यांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. चेहरा असा झाला की रसवालासुद्धा बघायला लागला.

"येत असून सोडून देतीस? जाणूनबुजून?"

"हो."

"आगं... आगं काय करून राहिलीस हे? मी दारात बस म्हणलो. सोडून दे कधी म्हणलो?"

"दाराजवळ मार्क पडलेले बसतच नाहीत, दादा. त्या बाई सांगत होत्या की तेव्हा."

"मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, बाक म्हणजे बाक!"

त्यांनी ग्लास ठेवला आणि जिन्याकडं चालायला लागले. मी मागं. या वेळी त्यांनी भिंतीला हात लावला नाही. तिसऱ्या मजल्यावर हॉल रिकामा होता, शिपाई झाडत होता. दादा चपला दाराशी काढून आत शिरले. पंधरा रांगा ओलांडून थेट फळ्याजवळ गेले आणि पहिल्या बाकावर बसले. मांडीवर हात ठेवून, मागं वळून दाराकडं बघत. खूप वेळ. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि पंखा चालू होता.

शिपाई म्हणाला, "कोण पाहिजे, बाबा?"

"कोणी न्हाई. बसून बघायलो."

मग मला जवळ बोलावलं. "लांब हाय दार," ते म्हणाले. "लई लांब हाय." मग फळ्याकडं वळून म्हणाले, "हितंच बस. हितून फळा दिसतोय चांगला." उठले, चपला घातल्या आणि एसटीचं कारण सांगून निघून गेले. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर गेल्यावरही ते दोनदा थांबून वर बघत होते.

त्या रविवारी मी सगळा पेपर सोडवायचा असं ठरवून बसले. आता सोमवारी पहिला बाक, अशी माझी खात्रीच होती. दोन महिने मनात मी स्वतःला पहिल्या बाकावरचीच समजत आले होते. फक्त वडिलांसाठी मागं बसलेली. पेपर हातात आला. घड्याळ लावलं. आणि घंटा झाली तेव्हा शेवटचे बारा प्रश्न राहिले होते. या वेळी मी सोडले नव्हते. मला वेळच पुरला नव्हता. हात पेनावर तसाच ठेवून मी बसून राहिले. कोऱ्या प्रश्नांच्या आड मी काय लपवत होते, ते मला त्या बाकावर कळलं. दादांना दिलेला शब्द मला सोयीचा होता. त्याच्यामुळं मला माझा खरा नंबर दोन महिने बघावा लागला नव्हता.

सोमवारी बाक मिळाला तो चौथ्या रांगेतला. त्यापुढं मी किती घासलं, दर रविवारी घड्याळ लावून किती रडले, हे वेगळं. त्याच्या जोरावर पुढं मला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला आणि आज मी रोज जिथं बसते तो दवाखाना त्याच पदवीवर उभा आहे. आमच्या घराण्यात कुणी पदवी पाहिलेली नव्हती.

पण त्या सोमवारी मी बूथवरून गिरणीशेजारच्या दुकानात फोन लावला. दादांना बोलावून आणलं. धापा टाकत आले असावेत.

"बाक बदलला," मी म्हणाले. "चौथा मिळाला."

"दारापासून?"

"नाही. फळ्यापासून."

पलीकडं गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं. दार उघडं ठेवतेत ना पण?"